बाग उजाड दिसते, हे मान्य: शाळा व्यवस्थापन समितीस खुले पत्र

प्रति,
शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी शिक्षकांच्या खोलीबाहेर आपली सूचना लागली. 'शाळेमागील अविकसित जागेवर पेव्हर ब्लॉक व कृत्रिम हिरवळ बसवण्यात येईल. बागकामाचे प्रात्यक्षिक यापुढे डिजिटल संचाद्वारे घेण्यात येईल.' एवढंच. 'अविकसित जागा' या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ उभी राहिले. त्या जागेत आज सव्वीस वाफे आहेत, पालापाचोळ्याच्या खताचे दोन हौद आहेत आणि निम्म्या वाफ्यांत मुलांनी बी धरायला राखलेली झाडं आहेत. मी त्याच दिवशी समितीला साधं पत्र दिलं. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. म्हणून हे उघड लिहिते आहे, म्हणजे पालकांनाही वाचता येईल.

माझा संबंध काय, ते आधी सांगते. मी या शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले, तरी बागेच्या तासाला आठवड्यातून दोन दिवस येते. त्याचं मानधन घेत नाही, मागितलेलंही नाही. अकरा वर्षांपूर्वी त्या जागेत इमारतीचा राडारोडा पडलेला होता. पहिल्या दिवशी मुलांनी कुदळ मारली तर वीतभर खाली विटांचे तुकडेच लागले. पहिल्या वर्षी काहीही धड आलं नाही. दुसऱ्या वर्षी मुळा आला, पण विटांना अडून दोन पायांचा झाला. मुलं त्याला 'पँट घातलेला मुळा' म्हणायची. आवारातली पानं गोळा करून, कुजवून, दरवर्षी थोडी थोडी मिसळत गेलो. आज तिथे कोपरापर्यंत हात घाला, दगड लागत नाही. आपण ज्यावर फरशी घालणार आहात ती ही माती आहे.

आता आपलं म्हणणं मान्य करते. बाग उजाड दिसते. वर्षातले काही महिने तिथे सुकलेले वेल, फुलावर येऊ दिलेले जून मुळे आणि अर्धवट कुजलेला पाला एवढंच असतं. तपासणीला पाहुणे येतात तेव्हा त्यांना तिकडे न्यावंसं वाटत नाही, हेही मी समजू शकते. रंगीत कुंड्यांची रांग प्रवेशद्वाराशी आहे, आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या कुंड्या तयार येतात, कोमेजल्या की बदलल्या जातात. मागच्या वाफ्यांत मुलं स्वतः पेरतात. खोल पेरतात, दाट पेरतात, पाणी घालायला विसरतात, नाहीतर आठवण झाली की तीनदा घालतात. अशी बाग छायाचित्रात चांगली येत नाही.

एक उदाहरण देते. 'वाफसा' हा शब्द मुलांना पाठ्यपुस्तकातून कळत नाही. जमिनीत पुरेशी ओल असावी, पण चिखल नसावा, ही व्याख्या पाठ करता येते. मग पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी मुलं वाफ्यापाशी येतात आणि विचारतात, 'बाई, आज पेरायचं?' मी उत्तर देत नाही. मूठभर माती घ्यायला सांगते. दाबली की गोळा झाला आणि बोटाने टोचलं तरी तसाच राहिला, तर आज नाही. गोळा झाला आणि टोचल्यावर फुटला, तर पेरा. गोळाच झाला नाही, तर आधी पाणी द्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी मुलं मला विचारायचं सोडून देतात. मातीला विचारतात. एका मुलीने मला दोन वाफ्यांतला फरक दाखवला होता: भिंतीच्या सावलीतला वाफा उघड्यावरच्या वाफ्यानंतर दोन दिवसांनी वाफशावर येतो. मी तिथे इतकी वर्षं काम करत होते, माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

यापुढच्या गोष्टी क्रमाने मांडते. सगळ्या सारख्या मोठ्या नाहीत.

पहिली. निर्णय घेताना बागेत काम करणाऱ्या कोणालाही विचारलं नाही. मुलांना नाही, वर्गशिक्षकांना नाही, मलाही नाही. समितीच्या एका सदस्यांनी मला जिन्यात तोंडी एवढंच विचारलं, 'मुलं काय शेतकरी होणार आहेत का?' होतील की कोणी, त्यात वाईट काय? आणि आपल्या शाळेतून फारसे कवी बाहेर पडलेले नाहीत, म्हणून आपण कविता शिकवणं बंद केलेलं नाही.

दुसरी, वेळापत्रकाची. ही छोटी वाटेल, पण बाग मरायला सुरुवात इथून झाली. दोन वर्षांपूर्वी बागेचा तास सकाळच्या पहिल्या दोन तासांवरून शुक्रवारच्या शेवटच्या तासाला नेला. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटून जातं. वेलीवर नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या खाली इवलासा भोपळा आधीपासून असतो, परागकण पोचले तर तो वाढतो, नाहीतर पिवळा पडून गळतो. सकाळी तास होता तेव्हा मुलं नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मादी फुलावर अलगद टेकवायची आणि देठाला दोरा बांधून ठेवायची. आठवड्याने दोऱ्याचे किती टिकले आणि बिनदोऱ्याचे किती गळले ते मोजायची. परागीभवनाचा याहून चांगला धडा मला शिकवता आलेला नाही. आता शेवटच्या तासाला मुलांना मिटलेली फुलं दिसतात. शिवाय पस्तीस मिनिटांत अवजारं काढणं, काम, हातपाय धुणं आणि अवजारं परत ठेवणं बसत नाही. मग मुलं अवजारं न धुता ठेवतात, आणि खुरपी गंजतात. त्यानंतर अहवालात लिहिलं जातं की विद्यार्थ्यांचा उत्साह कमी झाला आहे.

तिसरी. माळीकाकांची जागा रिकामी झाली ती भरली नाही. काम सफाईच्या कंत्राटात गेलं. सफाईचे लोक कष्टाळू आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्यांना सांगितलेलं काम 'जागा स्वच्छ करणे' एवढंच होतं, त्यामुळे त्यांनी तणाबरोबर कोवळी रोपंही उपटली आणि खतासाठी साठवलेली पानं जाळून टाकली. मग कुंपणालगत तणनाशक मारलं. त्या दिवशी वारा होता. आठवड्याभरात टोमॅटोची वरची पानं दोरीसारखी पिळवटली. मुलांना आधी वाटलं रोग आहे. आम्ही पानं उलटून पाहिली: मावा नाही, पांढरी माशी नाही. मग एका मुलाने दाखवलं की कुंपणाजवळची झाडं सगळ्यात जास्त पिळवटली आहेत आणि आत येत जावं तसं कमी. काही तणनाशकं झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतात, आणि टोमॅटो त्यांच्या तुषारांना फार नाजूक असतो. सातवीच्या मुलांनी हे निदान केलं. शाबासकी द्यायला हवी होती. त्याऐवजी तो वाफा 'रोगट' म्हणून काढून टाकायला सांगितलं गेलं.

चौथी गोष्ट गुणांची. हिच्यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण इथे माझीही चूक आहे.

प्रात्यक्षिकाचे गुण प्रकल्पवहीवर द्यायचे असं ठरलं तेव्हा मी विरोध केला नाही. वहीत बी पेरल्याची तारीख, उगवल्याची तारीख, दर आठवड्याची उंची, चित्र. एका मुलाने प्रामाणिकपणे लिहिलं: 'माझं बी उगवलं नाही.' खाली पंधरा ओळी रिकाम्या. तपासणाऱ्या शिक्षकांनी नमुन्याप्रमाणे गुण कापले. मी ते पाहिलं आणि गप्प राहिले. पुढच्या वर्षी त्याच मुलाची वही सुबक होती. उंची दर आठवड्याला बरोबर तीन सेंटिमीटरने वाढत गेलेली. झाडं अशी वाढत नाहीत, हे मला कळतं आणि त्यालाही कळत होतं. मी त्याला बाजूला घेऊन वाफ्यापाशी नेलं. आम्ही दोघांनी उकरून पाहिलं. बी बोटभर खोल गेलं होतं आणि खसखशीएवढं बारीक होतं. एवढ्या बारीक बियांत वर येण्याइतकी शिदोरी नसते. बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरायचं असतं, आणि इतकं बारीक असेल तर नुसतं भुरभुरून वरून चिमूटभर माती. हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं असतं, त्याच्या 'उगवलं नाही' या वाक्याला कोणी 'का?' असं विचारलं असतं तर.

झाडांविषयीचं बरंच ज्ञान असं चुकत जमलेलं आहे. सतराव्या शतकातले फ्लेमिश वैद्य व्हॅन हेल्माँट यांनी कुंडीत सुमारे ९० किलो कोरडी माती वजन करून भरली, विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे ७५ किलोने वाढलं आणि माती जेमतेम ५०-६० ग्रॅमनी घटली. झाडाचं वजन मातीतून येत नाही हे त्यातून दिसलं. पण ते सगळं पाण्यातून येतं, हा त्यांचा निष्कर्ष अर्धाच बरोबर निघाला, हवेकडे त्यांचं लक्ष गेलं नव्हतं. हे १६४८ साली छापलं गेलं. आपल्या नमुन्याप्रमाणे तपासायचं तर त्यांचे गुण कापावे लागतील. आणि मिशिगनमधले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक विल्यम बील यांना तर नापासच करावं लागेल. त्यांनी १८७९ साली बिया भरलेल्या २० बाटल्या जमिनीत पुरल्या. बी किती वर्षं जिवंत राहतं हे पाहायचं होतं. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढतात. २०२१ साली काढलेल्या बाटलीतलंही काही बी उगवलं. शेवटची बाटली २१०० साली निघायची आहे. सत्र संपायच्या आत वही जमा करा, असं त्यांना कोण सांगणार?

पाचवी, डिजिटल संच. मी तो वापरून पाहिला. चित्रं छान आहेत, आणि मुळाचा आडवा छेद मला फळ्यावर कधी इतका स्पष्ट काढता आला नाही. तेवढ्यासाठी तो जरूर ठेवा. पण त्यात बी टाकलं की चाळीस सेकंदांत झाड येतं. प्रत्येक वेळी येतं. पाणी दहा वेळा घातलं तरी येतं. आमच्या बागेत अति तेथे माती, अक्षरशः: जास्त पाण्याने कोवळी रोपं जमिनीलगत बारीक होतात आणि एका रात्रीत आडवी पडतात. ज्या मुलाने ते एकदा पाहिलं तो पुढे झारी उचलण्याआधी मातीत बोट घालतो. आणि संचात चूकही आहे, ती पाचवीतल्या एका मुलीने पकडली. त्यात वाटाणा उगवताना दोन्ही डाळिंब्या मातीवर येताना दाखवल्या आहेत. 'बाई, हा तर घेवडा आहे,' ती म्हणाली. बरोबर. घेवडा आपल्या डाळिंब्या डोक्यावर घेऊन वर येतो, वाटाण्याच्या मातीखालीच राहतात, वर फक्त कोंब येतो. तिने आदल्याच महिन्यात दोन्ही शेजारी शेजारी पेरले होते. पेरले नसते तर संचाने सांगितलं ते तिने खरं मानलं असतं.

वनस्पती नुसत्या चित्रांवरून शिकवायच्या नाहीत, हा काही माझा हट्ट नाही. पाडुआच्या विद्यापीठाने १५४५ साली वनस्पती उद्यान उभारलं, ते वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना खरी औषधी वनस्पती आणि तिच्यासारखी दिसणारी भलतीच वनस्पती यांतला फरक ओळखता यावा म्हणून. ते उद्यान आजही त्याच जागी आहे. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेल यांनी १८५६ ते १८६३ या काळात मठाच्या बागेत सुमारे २८,००० वाटाण्याची झाडं वाढवली, तेव्हा ते शाळेत बदली शिक्षक होते. शिक्षकाच्या परीक्षेत ते उत्तीर्ण होऊ शकले नव्हते, हे जाता जाता. आणि आपल्या इमारतीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत 'केजी' लिहिलं आहे. म्हणजे किंडरगार्टन, आणि त्यातला 'जी' म्हणजे बाग. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी १८४० साली हे नाव दिलं, आणि त्यांच्या शाळेत प्रत्येक मुलाला स्वतःचा वाफा असे. मराठीत आपण बालवाडी म्हणतो, त्या वाडीचा अर्थ मी आपल्याला सांगायला नको. आपण फरशी घातलीत तर फलक तेवढा बदलावा लागेल.

सूचनेच्या जोडपत्रात डास, साप आणि दुखापत अशी तीन कारणं आहेत. डासांचं खरं आहे. कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचलं होतं आणि ते आमच्या लक्षात राहिलं नाही. आठवड्यातून एकदा ताटल्या ओतून कोरड्या केल्या की डासांची पैदास तुटते. ते काम आता मुलांच्या पाळीत लिहिलं आहे. साप अकरा वर्षांत एकदा निघाला, तोही बाकांच्या अडगळीत, जी बागेची नाही. दुखापत झाली आहे: एका मुलाचं बोट खुरप्याने कापलं, दोन टाके पडले. ते माझ्या देखरेखीत झालं आणि मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून धारेची अवजारं मोजून दिली आणि मोजून घेतली जातात. मैदानावर याहून जास्त मुलं पडतात, आणि मैदान बंद करावं असं कोणी म्हणत नाही. उलट उन्हात कृत्रिम हिरवळ खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापते. तिच्यावर मुलांना अनवाणी सोडण्याआधी एकदा दुपारी स्वतः उभं राहून पाहावं.

आता मागण्या.

फरशीचं काम तूर्त थांबवावं आणि बागेत काम करणाऱ्या मुलांच्या दोन प्रतिनिधींसह, पालक आणि शिक्षकांसह बैठक बोलवावी. बैठक वर्गात न घेता वाफ्यांपाशी घ्यावी.

सगळी जागा राखता येत नसेल तर निदान बारा वाफे आणि खताचे दोन्ही हौद राखावेत. त्यांतले चार वाफे भिंतीच्या सावलीतले असावेत. तुलना करायला ऊन आणि सावली दोन्ही लागतात. उरलेल्या जागेत आपल्याला वाहनतळ करायचा असेल तर माझं मन दुखेल, पण मी त्याला विरोध करणार नाही.

बागेचा तास सकाळी, सलग दोन तासांचा करावा.

माळ्याची जागा भरावी, अर्धवेळ का होईना. सुट्टीत पाणी कोण देणार याची लेखी व्यवस्था असावी, म्हणजे मुलं सुट्टीवरून परत येऊन मेलेली रोपं पाहणार नाहीत. वाफ्यांच्या आसपास तणनाशक मारू नये. तण मुलं काढतील, त्यांना ते ओळखता येतं.

प्रकल्पवहीचा नमुना बदलावा. 'उगवलं नाही' हे उत्तर ग्राह्य धरावं आणि त्याखाली 'का असेल?' असा एक रकाना द्यावा. गुण त्या रकान्याला असावेत.

डिजिटल संचातली वाटाण्याची चूक पुरवठादाराला कळवावी. हवं तर ते पत्र ती मुलगी लिहील.

एक गोष्ट तातडीची आहे. घेवड्याच्या शेंगा वेलीवर वाळत आहेत. हलवल्यावर आतलं बी खुळखुळलं की त्या काढायच्या, आज अजून खुळखुळत नाहीत. माझ्या अंदाजाने तीन आठवडे लागतील. हे बी मुलांनी पाच पिढ्या धरत आणलेलं आहे, दरवर्षी सगळ्यात आधी आणि भरगच्च शेंगा येणाऱ्या वेलींचं निवडून. दुसरीकडून विकत आणता येणार नाही. त्यामुळे बैठकीत काहीही ठरलं, तरी तीन आठवडे त्या वाफ्यांवर कुदळ पडू नये, एवढं मला लेखी हवं आहे.

अवजारांच्या खोलीची एक किल्ली माझ्याकडे आहे, दुसरी कार्यालयात. मी गुरुवारी सकाळी आठला बागेत असेन. त्या दिवशी सहावीची मुलं शेंगदाण्याच्या मुळांवरच्या गाठी फोडून पाहणार आहेत. आतून गुलाबी निघाल्या तर त्यांतले हवेतला नत्र धरणारे जिवाणू अजून काम करत आहेत. आपल्यापैकी कोणी आलात तर एक रोप आपल्यासाठी राखून ठेवते. बूट मात्र जुने घालून यावेत.

आपली,
बागेच्या तासाची बाई